गायीचा टीबी आणि फसणारी टेस्ट

चाकणच्या एमआयडीसीत बसून गायींच्या टीबीचं काय, असं वाटेल. पण आपला चहा गोठ्यातल्याच दुधाचा ना? आणि या इतिहासाचं एक पान आपल्या शेजारीच आहे.

1889 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. 1893 मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. आजची आयव्हीआरआय ती हीच.

त्याच सुमाराला, 1890 मध्ये, जर्मनीत रॉबर्ट कॉखने ट्युबरक्युलिन आणलं. टीबीवरचं औषध म्हणून ते साफ फसलं, पण निदानाला कामी आलं. गायीच्या कातडीत थोडंसं टोचायचं, 72 तासांनी सूज मोजायची. सूज आली म्हणजे शरीर टीबीच्या जंतूंना ओळखतंय. शंभरहून जास्त वर्षं जग याच टेस्टवर विसंबून आहे.

आता यातला बग बघा. गायीच्या यकृतात पानासारखा चपटा जंत होतो, लिव्हर फ्लूक. 2012 मध्ये संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या दुभत्या कळपांचा डेटा तपासला. जिथे फ्लूक जास्त, तिथे टीबी कमी सापडत होता! त्यांचा अंदाज: टीबीच्या एक तृतीयांशापर्यंत केसेस टेस्टमधून निसटत असाव्यात.

असं का? सूज यायला प्रतिकारशक्तीचा जो मार्ग लागतो, तो फ्लूकमुळे मंदावतो. शरीर जंतांशी लढायच्या दुसऱ्या मार्गावर जातं. आपल्या भाषेत, फॉल्स निगेटिव्ह. अर्थात वाद संपलेला नाही. फ्लूक असलेल्या गायींत टीबीचे जंतूच कमी सापडले, असंही एका अभ्यासात दिसलंय. पण निसटलेली गाय गोठ्यातच राहते, शेजारणीच्या तोंडाजवळ श्वास सोडते.

भारतात 2018 च्या एका अंदाजानुसार सुमारे 2 कोटी 18 लाख जनावरांना टीबी असावा. आणि फ्लूकला लागते पाण्यातली गोगलगाय; आपल्याकडे फ्लूकची भाऊबंद जात आहे, आणि मावळात भातखाचरं आहेतच. म्हणून टेस्ट निगेटिव्ह आली तरी एक प्रश्न विचारायलाच हवा: गायीला जंताचं औषध कधी दिलं होतं?

आणि तोवर दूध उकळूनच प्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!