मिटलेला लॅपटॉप आणि हरवलेली तार

१/ टेबलावर मोठा मॉनिटर आहे, पुढ्यात स्वतंत्र कळफलक आहे आणि लॅपटॉप मिटून कडेला ठेवलेला आहे. तो नुसता निद्रावस्थेत असेल, तर कळफलकावरील एखादी कळ दाबताच बहुधा जागा होतो. पण तो पूर्ण बंद केलेला असेल, तर साऱ्या कळा बडवल्या तरी ढिम्म हलत नाही. झाकण उघडून त्याचे स्वतःचे बटण दाबावे लागते. वाचकहो, गंमत अशी की टेबलावरच्या संगणकापुरता हा प्रश्न १९८७ सालीच सुटला होता. कळफलकावरील एक कळ दाबली की बंद संगणक सुरू होत असे. ती सोय कशी आली आणि कशी गेली, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ आरंभ लाल खटक्यापासून करू. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. त्याच्या उजव्या अंगाला, पाठीमागच्या कोपऱ्यात, एक जाडजूड लाल खटका होता. तो थेट वीजपुरवठ्याच्या पेटीवरच बसवलेला असे आणि भिंतीतून येणारा प्रवाहच तोडीत असे. कळफलकावर ८३ कळा होत्या, पण त्यांतील एकीलाही यंत्र सुरू करण्याचा अधिकार नव्हता. तो असणे शक्यही नव्हते. कुंभकर्णाला उठवायला ढोलनगारे उपयोगी पडले, कारण झोपेतही त्याचे कान शाबूत होते. खटका पाडलेल्या पीसीला कानच उरत नसत.

३/ या इतिहासातील कळीचा मुद्दा हाच. एखाद्या यंत्राला दुरून उठवायचे असेल, तर त्याच्या आत कोणीतरी आधीपासून जागे असावे लागते. वाडा झोपला तरी देवडीवर पहारेकरी हवा. मग पुढचा प्रश्न येतो : या पहारेकऱ्याला रात्रभर शिधा कोणी पुरवायचा? दूरस्थ कळेची पुढची सगळी कथा म्हणजे या शिध्याचा हिशेब आहे.

४/ जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या ‘लिसा’ने पहिली दिशा दाखवली. तिच्या पुढच्या बाजूचे बटण दाबले की वीज तत्काळ जात नसे. यंत्र आधी उघडी कागदपत्रे जतन करून मिटवी आणि मग स्वतःच बंद होई. बटण आता आज्ञा करीत नव्हते, विनंती करीत होते. प्रवाह तोडण्याचा अधिकार माणसाच्या बोटाकडून संगणकप्रणालीकडे सरकू लागला होता.

५/ मार्च १९८७ मध्ये ‘मॅकिंटॉश टू’ आला. त्याचा कळफलक ‘अ‍ॅपल डेस्कटॉप बस’ या जोडणीने लावला जाई. ही जोडणी आदल्या वर्षी ‘अ‍ॅपल टू जीएस’बरोबर प्रथम आली होती आणि तिच्या रचनेचे श्रेय स्टीव्ह वॉझनियाक यांना दिले जाते. तिच्या गोल टोकात चारच पिना. एक माहितीसाठी, एक पाच व्होल्टसाठी, एक भूमीसाठी आणि चौथी खास चालू कळेसाठी राखलेली. कळफलकावर डावीकडे टोक असलेल्या त्रिकोणाची एक कळ असे. ती दाबली की ही चौथी तार भूमीच्या तारेला टेकत असे. संपले!

या युक्तीतील सौंदर्य नीट पाहा. त्या क्षणी कळफलकातील चिप जागी असण्याची गरज नाही, कळफलकाला वीज मिळण्याचीही गरज नाही. दाराला बांधलेल्या घंटेची दोरी ओढावी, इतका साधा व्यवहार. दोरीला स्वतःची बुद्धी लागत नाही. घंटा ऐकणारा तेवढा आत हवा.

६/ आणि तो आत होता. त्याचा शिधा मात्र भिंतीतून येत नव्हता. मॅकिंटॉश टूच्या मुख्य फलकावर लिथियमच्या दोन छोट्या बॅटऱ्या झाळून बसवलेल्या होत्या आणि सुरू होण्याचा इशारा ओळखणारे मंडल त्यांच्यावर चाले. परिणामी काही वर्षांनी बॅटऱ्या संपल्या की धडधाकट संगणकही सुरू होईनासा होई. भिंतीत वीज आहे, तारा शाबूत आहेत, पण देवडीवरचा पहारेकरी उपासमारीने मेला आहे! जुनी यंत्रे जमवणाऱ्या हौशी मंडळींना आजही या यंत्रात प्रथम त्या दोन बॅटऱ्याच तपासाव्या लागतात.

७/ त्याच दिवशी जाहीर झालेल्या ‘मॅकिंटॉश एसई’ला तोच कळफलक जोडता येई. पण त्याच्या पाठीवर जुन्या पद्धतीचा खटका होता, आत पहारेकरी नव्हता. त्यामुळे त्रिकोणी कळ तेथे केवळ शोभेची ठरे.

८/ लॅपटॉपच्या बाबतीत ही कळ सोय न राहता गरज झाली ती १९९२ साली. ‘पॉवरबुक ड्युओ’ हा सडपातळ लॅपटॉप मिटवून ‘ड्युओ डॉक’ नावाच्या पेटीत सरकवायचा. व्हिडिओ कॅसेट ओढून घ्यावी तशी मोटर त्याला आत ओढून घेई. आता त्याचे झाकण, कळा, बटण, सारेच पेटीच्या पोटात. बाहेर उरले मॉनिटर आणि मॅकचा नेहमीचा कळफलक. त्यावरील त्रिकोणी कळेनेच पोटातला लॅपटॉप सुरू करायचा. आज आपण मिटलेल्या लॅपटॉपकडून जी अपेक्षा करतो, ती इतकी जुनी आहे.

९/ पीसीच्या जगात मात्र लाल खटक्याचे वंशज दीर्घकाळ टिकले. विंडोज ९५ आठवा (किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा). बंद करण्याचा आदेश दिला की अनेक संगणकांवर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरे उमटत : आता संगणक बंद करणे सुरक्षित आहे. म्हणजे प्रणाली आपले काम उरकून थांबली आहे, पण शेवटचा खटका पाडायला तिला हात नाहीत.

ते हात १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या ‘एटीएक्स’ रचनेने दिले. तिच्या वीजपुरवठ्यातून एक जांभळी तार निघते. संगणक बंद असतानाही तिच्यावर पाच व्होल्ट खेळत असतात. पहारेकऱ्याचा शिधा तो हाच, आणि तो आता थेट भिंतीतून. दुसरी एक हिरवी तार भूमीशी जोडली गेली की मुख्य पुरवठा सुरू होतो. पेटीवरचे बटण आता फक्त इशारा देणारे उरले.

१०/ या जांभळ्या तारेमुळे बायोसमध्ये नवे पर्याय दिसू लागले : कळफलकाने सुरू करा, ठरावीक कळांच्या जोडीने सुरू करा, एवढेच काय, परवलीचा शब्द टंकल्यावरच सुरू करा. पण मॅकची युक्ती आणि ही युक्ती यांत मोठा फरक होता. येथे वेगळी तार नव्हती. कळफलकालाच रात्रभर वीज पुरवायची, त्याच्या चिपला जागे ठेवायचे आणि ती काय म्हणते हे ऐकायला मुख्य फलकावरही एक कान उघडा ठेवायचा.

आपल्याकडे त्यात आणखी एक गोम होती. भारतातील भिंतीच्या सॉकेटला स्वतःचे बटण असते आणि रात्री ते बंद करण्याची शिस्त घराघरांत असते. ते बंद झाले की जांभळी तारही मेली. सकाळी कळफलक कितीही बडवा!

११/ डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ नावाची नियमावली प्रसिद्ध केली आणि ‘चालू’ व ‘बंद’ यांच्यामधल्या प्रदेशाला पायऱ्या पाडल्या. एस-शून्य ही पूर्ण जागृती. एस-तीनमध्ये स्मृतीला तेवढी वीज मिळते. एस-चारमध्ये स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवून ठेवला जातो. एस-पाच म्हणजे आपण ज्याला बंद म्हणतो ती अवस्था. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यांपलीकडची चौथी अशा अवस्था मांडल्या आहेत. अभियंत्यांना हे स्मरले असेल असे मला मुळीच वाटत नाही, पण समजून घ्यायला उपमा बरी पडते. लक्षात ठेवायचे ते एवढेच की एस-पाच हा लाल खटका नव्हे. तेथेही कोणीतरी जागे असते.

१२/ आता ती चौथी तार हरवते. जानेवारी १९९६ मध्ये ‘यूएसबी’चा पहिला मसुदा पक्का झाला. कोणतेही उपकरण, कोणत्याही संगणकाला, एकाच जोडणीने लावता यावे हे त्याचे ब्रीद. त्यातही चारच तारा होत्या : वीज, भूमी आणि माहितीसाठी दोन. चालू कळेसाठी जागा उरली नाही.

यूएसबीचा शिष्टाचारही कडक. संगणकाने विचारल्याखेरीज उपकरणाने बोलायचे नाही. कळ दाबली गेली तरी कळफलक स्वतःहून सांगत नाही. संगणक सेकंदाला अनेकदा विचारपूस करीत राहतो आणि मग उत्तर मिळते. या नियमाला एकच अपवाद आहे. तारेवर तीन मिलिसेकंद शांतता पसरली की उपकरण पेंगू लागते. मात्र निजण्यापूर्वी संगणकाने परवानगी देऊन ठेवली असेल, तर या पेंगेतून कळफलक उलट संगणकाला हाक मारू शकतो. निद्रिस्त लॅपटॉप कळ दाबताच जागा होतो तो या सवलतीमुळे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, या उपकरणाला संगणक जागा करू द्यावा का, असा जो चौकोन असतो, तो म्हणजे हीच परवानगी.

पूर्ण बंद लॅपटॉपात बहुधा यूएसबीची वीजच तोडलेली असते. कळफलक स्वतःच निर्जीव. हाक कोण मारणार? ब्लूटूथ कळफलकाकडे स्वतःची बॅटरी असते खरी, पण पलीकडे ऐकणारा रेडिओ बंद असतो.

१३/ ऑगस्ट १९९८ मध्ये बाजारात आलेल्या ‘आयमॅक’ने जुनी जोडणी सोडून यूएसबी स्वीकारली. त्याच्या कळफलकावर चालू कळ ठेवलेली होती. २०००च्या ‘अ‍ॅपल प्रो कीबोर्ड’वर ती उरली नाही. कळ निर्मात्याने काढली हे खरे, पण माझ्या मते तिचे भवितव्य तिची तार गेली तेव्हाच ठरले होते. सर्वांना चालेल अशी जोडणी हवी, तर एकाच घरची खास सोय गळणार, हा सौदा होता. यूएसबीने जे दिले ते पाहता तो तोट्याचा म्हणवत नाही; तरी काहीतरी गेले, हे नोंदवायला हवे.

१४/ मग लॅपटॉपचे यूएसबी रात्रभर जिवंत का ठेवत नाहीत? कारण येथे शिधा बॅटरीतून जातो. बंद लॅपटॉपात एक लहानसा नियंत्रक बटणावर लक्ष ठेवून असतो आणि एक घड्याळ चालते. त्यापलीकडे प्रत्येक जागा कान म्हणजे सोमवारी दप्तरातून रिकामा निघालेला लॅपटॉप.

भिंतीतून शिधा घेणारेही मोकळे राहिले नाहीत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये, सज्ज अवस्थेतील उपकरणाने एका वॉटहून अधिक वीज खाऊ नये, असे ध्येय मांडले. युरोपीय संघाच्या २००८च्या नियमाने बंद अवस्थेसाठी २०१० पासून एक वॉट आणि २०१३ पासून अर्धा वॉट ही मर्यादा घातली. आजच्या अनेक मुख्य फलकांच्या बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाचा पर्याय दिसतो, तो या धोरणातून आलेला. तो चालू केला की कळफलकाने संगणक सुरू करण्याची सोय बहुधा बंद पडते. एका घरात अर्धा वॉट नगण्य. कोट्यवधी घरांत मात्र त्यासाठी वीजकेंद्रे राबतात. कळ आणि कोळसा यांचा संबंध इतका थेट आहे.

१५/ वाटा अगदीच खुंटल्या नाहीत. काही कंपन्यांच्या डॉकवर चालू बटण असते, पण ते बहुधा त्याच कंपनीच्या लॅपटॉपशी बोलते. म्हणजे १९९२च्या ड्युओसारखीच एका घरची सोय. २०१६च्या मॅकबुक प्रोपासून अ‍ॅपलने वेगळा मार्ग धरला : झाकण उघडले किंवा चार्जर जोडला की यंत्र आपोआप सुरू. म्हणून मिटलेला मॅकबुक टेबलावर वापरणारे लोक चार्जरची पिन काढून पुन्हा लावताना दिसतात. चौथ्या तारेचे काम आता वीजवाहक तारेने पत्करले आहे.

पुढील धाग्यात : झाकण मिटल्याचे लॅपटॉपला कळते कसे, अर्थात एका लोहचुंबकाची गोष्ट.