खार आणि गार

मालवणात गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला की जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो, गाडी रात्री उभी कुठे असते? उत्तर दांडी किंवा देवबाग असं आलं, म्हणजे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तर अर्धं निदान तिथेच झालेलं असतं. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो. त्याच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवरून बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागते. खाऱ्या हवेतल्या क्लोराईडने धातूवरचा संरक्षक थर फोडलेला असतो. सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं, त्यातून गॅस निसटत राहतो आणि जाताना थोडं थोडं तेलही नेतो. कॉम्प्रेसरला इंजिनासारखी तेलाची वेगळी सोय नसते. गॅसबरोबर फिरणारं तेल हेच त्याचं वंगण. ‘गॅस गेलो, तेल गेला, मगे कॉम्प्रेसर काय करतलो?’ हे त्या निदानाचं मालवणी सार.

मिठाने गारव्याचा जीव घ्यावा, यात या किनाऱ्यापुरती एक गंमत आहे. इथे गारवा आला तोच मुळी मिठाची जागा घ्यायला.

बर्फ नव्हता तेव्हा विजयदुर्गापासून रेडीपर्यंत मासळी टिकवायचं साधन एकच, मीठ. रापणीचं गणितच तसं होतं. किनाऱ्यावरून गावच्या गावाने ओढायचं ते लांबलचक जाळं एखाद्या दिवशी रिकामं येई, तर एखाद्या दिवशी बांगड्या-तारल्यांचा खच पाडी. एवढी मासळी त्याच दिवशी खपणं शक्य नसे. दमट हवेत ताजा बांगडा दुपारपर्यंत मान टाकतो. मग चिरायचं, मीठ भरायचं, वाळूवर पसरायचं. खारे बांगडे, सुकी सुंगटं, गोलमो ही आज जिभेची चैन वाटते. तेव्हा ती पावसाळ्याची बेगमी होती आणि घाटावर पाठवायचा मालही. कोल्हापूर-बेळगावकडच्या बाजारांनी कोकणातला मासा पिढ्यान्‌पिढ्या ओळखला तो सुक्या रूपातच.

मीठ महाग झालं की मासा सडतो, हे इंग्रज सरकारलाही उशिरा का होईना कळलं. मिठावर कर बसवल्यावर कोळ्यांना मासळी खारवणं परवडेना. 1873 साली फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या समुद्री मासेमारीवर अहवाल दिला. त्याच दशकात मद्रास इलाख्यात मासे खारवण्याची सरकारी आवारं सुरू झाली. आवाराच्या भिंतीआत करमुक्त मीठ वापरायचं आणि मासा बाहेर न्यायचा, मीठ नाही, असा तो व्यवहार. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला शिरोड्याची मिठागरं आहेत. मे 1930 मध्ये तिथे झालेला मिठाचा सत्याग्रह राष्ट्रीय चळवळीचा भाग म्हणून शाळेत शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या किनाऱ्यावर मीठ म्हणजे उद्याचं जेवण, तिथे त्या मूठभर मिठाचा आणखी एक अर्थ होता, तो धड्यात येत नाही.

आणि बर्फ? तो मुंबईत आला 1834 साली, तोही अमेरिकेच्या तळ्यांतून करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा हा धंदा. आदल्या वर्षी त्याचं ‘टस्कनी’ जहाज 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं होतं आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे 100 टन शाबूत पोचला होता. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं, यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने त्यावर टोमणा मारला, ही कथा मुंबईच्या इतिहासात हमखास सांगितली जाते. बर्फ होता तो साहेबांच्या आणि शेठजींच्या पेल्यासाठी. माशावर बर्फ घालायचा विचार त्या काळी कोणी बोलून दाखवता, तर वेड्यात काढला गेला असता.

त्याच 1834 साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने एका यंत्राचं पेटंट घेतलं. चटकन उडून जाणारा द्रव उडाला की भोवतालची उष्णता घेऊन जातो. ती वाफ पंपाने दाबायची, थंड करून पुन्हा द्रव करायची, पुन्हा उडवायची. बर्फाच्या कारखान्यापासून गाडीच्या एसीपर्यंत आजही हेच चक्र फिरतं, आणि ते फिरवणारा दाबपंप म्हणजे कॉम्प्रेसर. पुढे 1870च्या दशकात जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे याने या चक्रात अमोनिया घातला आणि कारखान्यात बर्फ पाडणं खरोखरीच धंद्याचं झालं.

महाराष्ट्रात हे तंत्र परकं राहिलं नाही. कुंडलच्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांच्या उद्योगघराण्यातून 1958 साली पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक निघाली, आणि तिचे अमोनिया कॉम्प्रेसर देशभरच्या शीतगृहांत आणि बर्फ कारखान्यांत धडधडू लागले. यांत्रिक होड्या, कोळंबीची निर्यात आणि घाट उतरून येणारे मासळीचे ट्रक यांच्यामागोमाग मालवण, देवगड, वेंगुर्ला या बंदरांभोवतीही बर्फाचे कारखाने उभे राहिले.

असा कारखाना एकदा आत जाऊन पाहावा. जमिनीलगत लाकडी झाकणांची मोठी टाकी असते. झाकण उचललं की खाली पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे ओळीने बुडालेले दिसतात. त्यांच्याभोवती असतं मिठाचं पाणी. साधं पाणी शून्य अंशाला गोठेल. मीठ विरघळवलं की ते उणे दहाच्या आसपासही वाहतं राहतं. अमोनियाच्या नळ्या हे खारं पाणी गार करतात आणि खारं पाणी डब्यातलं गोडं पाणी गोठवतं. पुरी लादी धरायला साधारण एक दिवस लागतो. मग डबे उचलायचे, साध्या पाण्यात क्षणभर बुडवायचे, लादी सुटते, घसरत क्रशरकडे जाते आणि चुरा होऊन होडीच्या खणात पडते. मिठाला किनाऱ्यावरून हद्दपार करायला आलेला बर्फ असा मिठाच्या मांडीवरच जन्मतो. त्या टाकीच्या कडांना आलेला गंज पाहिला की मीठ त्याचं भाडंही वसूल करतं हे दिसतं.

बर्फाने रापणकरांचं भलंच केलं असं मात्र म्हणता येत नाही. खणात बर्फ असला की होडी दूर जाऊ शकते, जास्त दिवस राहू शकते, जास्त मासा उपसू शकते. ट्रॉलर आणि पर्ससीन होड्या यांच्याशी मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा जो झगडा झाला, त्याच्या मुळाशी जाळ्यांइतकाच बर्फही आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. झगडा त्यानेही मिटला नाही.

माशाला गारवा मिळाला, माणसाला बराच उशिरा. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने 1940च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून दिला. त्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडी नको असेल तर इंजिन बंद करून पट्टा उतरवून ठेवायचा. आपल्याकडे 1985 साली सुझुकी आणि जपानच्या डेन्सोच्या साथीने सुब्रोस कंपनी निघाली, आणि मारुतीच्या पिढीबरोबर गाडीतला एसी श्रीमंतांच्या बाहेर पडला. सिंधुदुर्गात त्याची निकड लागली ती पर्यटनामुळे. 1997 साली जिल्ह्याला पर्यटन जिल्हा म्हटलं गेलं, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, 2021 साली चिपीला प्रवासी विमानसेवा सुरू झाली. कुडाळ स्टेशनावर उतरलेला पाहुणा टॅक्सीत बसण्याआधी एसी चालू आहे ना, हे विचारू लागला. इथला पारा नागपूरसारखा चढत नाही, पण घाम वाळत नाही. विलिस कॅरिअरने 1902 साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी आपलं एसीचं यंत्र केलं तेही दमटपणा हटवण्यासाठीच. कागद फुगून रंग हलत होते. मालवणच्या पावसात काच धूसर झाली की चालक एसी लावतो, तो याच कारणाने.

तर आता तेलाअभावी बसलेला तो कॉम्प्रेसर बदलण्याचं काम. घरच्या खळ्यात, माडाच्या सावलीत ते होऊ शकतं आणि होतंही. नवखा फसतो तो गॅसपाशी. नळी सैल करून फुस्स केलं की डोळा जाऊ शकतो, कातडी गोठू शकते. म्हणून उरलेला गॅस आधी यंत्राने काढून घ्यावा लागतो. मग पट्टा, क्लचची वायर, दोन नळ्या आणि तीन-चार बोल्ट. किनाऱ्यावर हे बोल्ट सहज सुटले तर नशीब. खरी कसोटी पुढे असते. जुना कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर त्याचा धातूचा कीस सगळ्या नळ्यांत पसरतो; तो न धुता नवा बसवला तर नवाही जातो. ड्रायर बदलायचा, रबरी रिंगांना तेल लावून बसवायचं, कंपनीने सांगितलेलंच तेल मोजून घालायचं. मग अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारायचा, गेजचा काटा हलत नाही हे पाहायचं आणि गॅस वजनावर भरायचा, अंदाजाने नाही. आणि छिद्र पडलेला कंडेन्सर तसाच ठेवला, तर हे सगळं पुढच्या वर्षी पुन्हा करायचं.

गॅसचाही इतिहास आहे. 1930 साली थॉमस मिजली याने फ्रिऑन हा गॅस फुप्फुसात भरून मेणबत्तीवर सोडला आणि ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेट घेत नाही. मात्र तोच वायू वर जाऊन ओझोनला भोक पाडतो, हे 1974 नंतर उमगलं. 1987 साली माँट्रिअलचा करार झाला, 1992 साली भारत त्यात आला. नंतरच्या गाड्यांत आलेला आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जबर आहे. तो हवेत सोडून देणं हा चोख कामाचा भाग नव्हे, मग खळं आपलं असो वा कारखाना दुसऱ्याचा.

होडीचं आउटबोर्ड इंजिन बंदरात आलं की मालवणचा मच्छीमार ते गोड्या पाण्याने धुऊन घेतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर आठवड्यातून एकदा तसंच गोडं पाणी सोडावं. साध्या पाइपने, कारण जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. आणि थंडीच्या दिवसांतही अधूनमधून दहा मिनिटं एसी चालवावा, म्हणजे तेल फिरत राहतं आणि सील सुकत नाहीत.