एकाच भट्टीतले औषध

ट्रॉम्बे म्हटले की बहुतेकांना अणुबॉम्ब आठवतो. ते खोटेही नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीचे प्लुटोनियम इथल्याच 'सायरस' अणुभट्टीतले. पण त्याच भट्टीतून औषधही निघाले, हे फारसे कुणी सांगत नाही. मी शास्त्रज्ञ नव्हे, कविता लिहिणारा माणूस. तरी ही गोष्ट सांगावीशी वाटते.

४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी ट्रॉम्ब्यात सुरू झाली. १९६० मध्ये 'सायरस' आली, १९८५ मध्ये 'ध्रुव'. टेल्युरियम नावाचे मूलद्रव्य अशा भट्टीत ठेवले की त्यातून आयोडीन-१३१ मिळते. १९६३ साली परळला किरणोपचारांचे केंद्र, रेडिएशन मेडिसिन सेंटर, उभे राहिले आणि भट्टीतला माल रुग्णापर्यंत पोचू लागला.

हे औषध काम कसे करते? आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी रक्तातले आयोडीन वेचून घेते. साधे कोणते, किरणोत्सारी कोणते, हे तिला ओळखता येत नाही. रुग्ण औषधाची कॅप्सूल गिळतो किंवा द्राव पितो. ग्रंथी ते ओढून घेते. त्याचे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच जातात, म्हणून मुख्यतः तिथल्याच पेशी मरतात. ग्रंथी अतिरेकी काम करू लागली किंवा तिचा कॅन्सर झाला, तर हा उपचार करतात. गर्भवतींना मात्र तो देत नाहीत.

हे औषध साठवता येत नाही. दर आठ दिवसांनी ते निम्मे होते. परदेशातून मागवायचे तर बरेचसे वाटेतच सरायचे. भट्टी आपल्या गावात असण्याचे मोल ते हेच.

या गावाने त्याची किंमतही मोजली. अणुकेंद्राशेजारची जनता कॉलनी १९७६ मध्ये, आणीबाणीत, उठवण्यात आली. हजारो माणसे चीता कॅम्पात गेली. औषधाचा इतिहास लिहिताना ही नोंद गाळू नये.

आणखी एक. हा उपचार घेतलेल्या माणसाला डॉक्टर काही दिवस लहान मुलांपासून आणि गर्भवतींपासून दूर राहायला सांगतात. ती खबरदारी किरणांसाठी असते. त्याचा आजार कुणाला लागत नाही. ते दिवस सरले की त्याला नेहमीसारखे जवळ बसवावे, त्याच्याबरोबर जेवावे.