मुलग्यांनाही ही लस का?

विषाणू म्हटले की नवापूरला २००६ चा फेब्रुवारी आठवतो. देशातील पहिला बर्ड फ्लू तेथील कोंबड्यांत आढळला. मेलेल्या कोंबड्या सर्वांना दिसत होत्या. पण काही विषाणू मोठ्या माणसाला फारसे आजारी पाडत नाहीत. त्यांचा घाव बसतो पोटातल्या गर्भावर. हे ध्यानात यायला १९४१ साल उजाडावे लागले.

सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे तेव्हा जन्मतःच मोतीबिंदू असलेली बालके येऊ लागली. इतकी बालके एकदम कशी? मातांकडे चौकशी करता उलगडा झाला. १९४० च्या साथीत, गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, त्यांना जर्मन गोवर म्हणजे रुबेला झाला होता. ग्रेग यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने ७८ बालकांची माहिती मांडली. बहुतेकांच्या मातांना हा आजार होऊन गेला होता. अनेकांच्या हृदयातही दोष होता. बहिरेपणाचा संबंध पुढे स्पष्ट झाला.

थोडा ताप, दोन-तीन दिवस पुरळ. एवढ्याने असे कसे होईल, अशी शंका काही डॉक्टरांनी घेतली. आज कारण ठाऊक आहे. विषाणू मातेच्या रक्तातून वारेत व तेथून गर्भात शिरतो. पहिल्या बारा आठवड्यांत डोळे, कान, हृदय घडत असतात, म्हणून हानी तेव्हाच सर्वाधिक होते.

हा विषाणू १९६२ मध्ये वेगळा करता आला आणि १९६९ मध्ये लस आली. ती द्यायची कोणाला? ब्रिटनने १९७० पासून शाळकरी मुलींनाच दिली. पण लहान मुलांमध्ये आजार फिरतच राहिला आणि लसीचे संरक्षण नसलेल्या गरोदर स्त्रियांना तो होत राहिला. अखेर १९८८ पासून तेथे मुलगे-मुली दोघांनाही बालवयातच लस देणे सुरू झाले.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तीही शाळाशाळांतून. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलग्यांना व मुलींना ही लस होती. आता ती नियमित लसीकरणात दोनदा दिली जाते.

ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असल्याने गरोदरपणी देत नाहीत. म्हणून संरक्षण आधीच हवे. ‘आमच्या मुलाला कशाला?’ असे एखाद्या पालकाने विचारले, तर सांगावे: त्याच्या दंडावरची ही सुई त्याच्या घरी, शेजारी किंवा शाळेत असलेल्या एखाद्या गरोदर स्त्रीच्या बाळालाही राखते.