फासेपारध्यांचा माळ

फासेपारध्याला शिकारीसाठी बंदूक लागत नसे. लांब दोरीला ठरावीक अंतरावर फास बांधायचे, दोरी खुंट्यांनी जमिनीलगत ताणायची आणि हरणांच्या रोजच्या वाटेवर अंथरायची. मग कळपाला लांबून, घाई न करता, त्या दिशेने हाकायचे. पाय फासात गेला की बिथरलेले जनावर आपल्याच ओढीने तो आवळून घेई. तितर-लाव्यांसाठी फास घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असत, कारण केस गवतात दिसत नाही. मध्ये पिंजऱ्यात पाळीव तितर ठेवला की त्याच्या आवाजावर रानातले नर भांडायला धावून येत. वारा, माग, पाखरांच्या चरण्याच्या वेळा या साऱ्याची जाण असल्याखेरीज हा धंदा होत नाही. तुळजापूर, नळदुर्ग, परंडा या भागांतल्या उघड्या माळावर ही विद्या पोट भरत होती आणि ज्वारीत शिरणारी हरणे धरली जात, ते शेतकऱ्याच्याही सोयीचे होते.

इंग्रजांच्या डोक्यात फास म्हटला की वेगळेच चित्र उभे राही. दक्षिणेत वाटसरूंचा गळा आवळणाऱ्या ठगांना फांसीगार म्हणत. मेडोज टेलरने 1839 मध्ये ठगावर कादंबरी लिहिली आणि ती इंग्लंडात गाजली. हाच टेलर पुढे नळदुर्गला कारभारी होऊन आला. 1853 मध्ये निजामाने हा जिल्हा इंग्रजांना दिला होता. 1860 मध्ये तो परत निजामाकडे गेला. ठगांच्या बंदोबस्तातून एक समजूत मात्र सरकारी कागदांत मुरली: काही जाती जन्मानेच गुन्हेगार असतात.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्या समजुतीला शिक्का दिला. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा 1911 नंतर मुंबई इलाख्यातही आला. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. तिथे पारध्यांसारख्या जमातींतल्या माणसांची हजेरी घेतली जाई, बाहेर जायला परवानगी लागे. ज्यांचे पोट भटकण्यावर होते त्यांना एका जागी डांबणे म्हणजे त्यांचा धंदा मोडणे. या अन्यायाला दुसरे नाव देता येत नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनातला संशय गेला नाही. गावात चोरी झाली की झडती आधी पारध्यांच्या पालांची. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार गुन्हा ठरली. काळवीट वाचायलाच हवा होता. पण ज्याचे कसब बेकायदा ठरले, त्याच्या हाती त्या बदल्यात ना जमीन आली ना दुसरे काम.

तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत 1993 मध्ये भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. तिच्याशी जोडलेले गिरीश प्रभुणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, तरी पालावर जन्मलेल्या मुलाचा दाखला काढायचा म्हटले की कचेरीत आधी विचारतात तो बापजाद्यांच्या वास्तव्याचा पुरावा.