थाळनेरचा किल्लेदार

अमळनेरहून उत्तरेस जाऊन तापी ओलांडली की पैलतीरावर थाळनेर लागते. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. त्यांच्या कबरी तेथे आहेत आणि नदीकाठी पडक्या किल्ल्याचे अवशेषही आहेत. गुन्ह्याच्या शोधावर काळाचा परिणाम काय होतो, हा प्रश्न निघाला की मला या किल्ल्यातील एक दिवस आठवतो : २७ फेब्रुवारी १८१८.

महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह करून खानदेश इंग्रजांस दिला होता. तो ताब्यात घेण्यास सर थॉमस हिस्लॉप फौजेसह निघाला. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने मात्र दार उघडले नाही. किल्ल्यातून गोळागोळी सुरू झाली. ‘प्रतिकार कराल तर बंडखोर समजू,’ असे हिस्लॉपने त्यास बजावले. अखेरीस तोफांच्या माऱ्यापुढे किल्लेदार नमला आणि स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

किल्ल्यास एकामागून एक अशी पाच दारे होती. शेवटच्या दाराशी आतील अरब शिपायांशी बोलणे चालले असता काही इंग्रज अधिकारी दिंडीतून आत शिरले. क्षणात त्यांच्यावर हल्ला झाला. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. खवळलेल्या फौजेने आत घुसून सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल केली. त्याच सायंकाळी किल्लेदारास बुरुजावर फाशी देण्यात आले.

आता आरोप पाहा. धन्याने सोडून दिलेला किल्ला लढविला, हा पहिला. त्याचा पुरावा तोफांच्या आवाजानेच दिला होता. शरण येऊन दगा केला, हा दुसरा आणि अधिक काळा. पण हल्ला झाला त्या वेळी किल्लेदार तर बाहेर, इंग्रजांच्या हाती होता! मग आतल्या अरबांस त्याची खूण होती काय? की शरणागतीच्या अटी त्यांना नीट कळल्याच नाहीत, आणि परक्या हत्यारबंद माणसांस आत आलेले पाहून त्यांनी भीतीपोटी शस्त्र उपसले? याचे उत्तर दोघेच देऊ शकत होते : किल्लेदार आणि त्याचे शिपाई. सूर्यास्तापूर्वी आणि सूर्यास्ताच्या सुमारास दोघांचीही तोंडे कायमची बंद झाली.

यानंतर काळाने आपले दुसरे काम केले. त्या दिवसांत शिडाच्या जहाजाने पत्र विलायतेस पोहोचण्यास महिनेच्या महिने लागत. वर्षभराने, मार्च १८१९ मध्ये, हिंदुस्थानातील सेनानींचे आभार मानण्याचा ठराव पार्लमेंटापुढे आला, तेव्हा काही सभासदांनी विचारले : या माणसास कोणत्या पुराव्यावर फाशी दिले? ठराव मांडणाऱ्या कॅनिंगजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. हिस्लॉपचे आभार मानले गेले. पण थाळनेरच्या प्रकरणी सभागृह आपले मत देत नाही, हेही नमूद करावे लागले. साता समुद्रांपलीकडे खानदेशच्या एका किल्लेदारासाठी प्रश्न उठला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु तो प्रश्न उठला तेव्हा साक्ष देण्यास एकच पक्ष उरला होता.

काळ लोटला की पुरावा विरतो, म्हणून शोध तातडीने करावा, असे आपण म्हणतो. साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, स्मरणात कल्पना मिसळते. म्हणून ते खरेच आहे. परंतु थाळनेर त्यास पुस्ती जोडते. तातडी शोधाची असावी, शिक्षेची नव्हे. शोधास उशीर झाला तर पुरावा हळूहळू नाहीसा होतो. शिक्षेची घाई झाली तर तो एका क्षणात नाहीसा होतो. हिस्लॉपने किल्लेदारास चार दिवस कैदेत ठेवून जबानी घेतली असती, तर त्याचे काय बिघडले असते? किल्ला तर हाती आलाच होता.

मात्र काळ केवळ चोर नाही. तो राग निववितो. मेलेल्या सोबत्यांची प्रेते समोर असताना त्या सायंकाळी जे कोणास सुचले नाही, ते मागाहून सुचले. १८२१ मध्ये व्हॅलेंटाइन ब्लॅकर या इंग्रज अधिकाऱ्याने या युद्धाचा सविस्तर वृत्तांत छापला. अशा, जिंकणाऱ्यांच्याच वृत्तांतांवरून आज आपण दारांचा क्रम लावतो आणि किल्लेदार त्या वेळी कोठे होता हे जाणतो. तेवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. परंतु त्याचा दगा सिद्ध झाला नव्हता, एवढे निश्चित ठरते.

आजच्या आपल्या कायद्यात खुनाच्या आरोपास मुदतीचे बंधन नाही. कितीही वर्षांनी खटला उभा राहू शकतो. न्यायाचे दार असे उघडे राहते, हे योग्यच. पण त्या दारातून आत येऊन बोलणारा कोणी जिवंत ठेवला पाहिजे. थाळनेरच्या पाचव्या दाराशी काय घडले, हे दोनशे वर्षांनंतरही कोणास सांगता येत नाही, आणि तो दोष काळाचा नाही.