घरबांधणी आणि गृहकर्ज (नांदेड व लातूर)

घरबांधणी आणि गृहकर्ज (नांदेड व लातूर) : मराठवाड्यातील या दोन शेजारी जिल्ह्यांत अल्प उत्पन्नाची कुटुंबे घर कशी उभारतात, त्यासाठी पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो, याविषयीची नोंद. अशा नोंदी बहुधा योजनांच्या यादीने सुरू होतात. येथे सुरुवात जमिनीच्या कागदाने करावी लागते. घराचा आकार असो, अनुदान असो की कर्ज, या भागात तिन्ही गोष्टी शेवटी सात-बारा, नमुना ८ (ग्रामपंचायतीचा मिळकत उतारा) किंवा एन.ए. (बिगरशेती) आदेश यांपैकी कशाला तरी येऊन टेकतात.

गावाकडचे जुने घर बँकेवाचून उभे राहत असे. ओढ्यातला दगड, गावाशेजारची माती, मिळेल तिथून आणलेले लाकूड आणि भावकीचे हात एवढ्यावर दोन-तीन खणांचे घर व्हायचे. दगड-मातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. आत लाकडी खांब आणि तुळया, तुळयांवर काटक्यांचे किलचन आणि त्यावर मातीचे सपाट छत, म्हणजे माळवद. पावसाळा तोंडावर आला की गळती थांबवायला माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. जुना थर कोणी काढत नसे, त्यामुळे पिढी-दोन पिढ्यांत छताचे वजन वाढतच जाई. भिंतीच्या दोन अंगांना सांधणारा आरपार दगडही बहुधा नसे. उन्हाळ्यात त्या माळवदाखाली गारवा असायचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली असताना, तेच माळवद अंगावर आले. किल्लारीच्या (ता. औसा) या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेला पुनर्वसन प्रकल्प ही या भागातील सर्वांत मोठी नियोजित घरबांधणी. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे मूळ जागा सोडून नव्या ठिकाणी वसवण्यात आली. काही घरे शासनाने बांधली, काही देशभरातल्या देणगीदार संस्थांनी. औशाजवळचे बाणेगाव ‘मल्याळ मनोरमा’ या केरळच्या दैनिकाने उभारून दिले. घराचे माप मात्र ठरले ते कुटुंबाच्या शेतजमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौ. फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौ. फूट आणि सात हेक्टरांच्या वर ७५० चौ. फूट. मोठ्या शेतकऱ्याचा वाडा मोठा होता, धान्य आणि जनावरे जास्त होती, म्हणून घर मोठे, असा त्यामागचा हिशेब. तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात असे कोणी म्हटले नव्हते, तरी हिशेब तसाच झाला. बऱ्याच नव्या गावांत एका मापाची घरे एका ओळीत आली, आणि पूर्वी बोळाबोळांत मिसळलेली जमीनधारणा नकाशावर सरळ रेषेत दिसू लागली. आखणी शहरी चौकटीची होती, रस्ते रुंद होते, पण शेत लांब पडले आणि बैल, कडबा, शेळ्या यांना जागा उरली नाही. लोकांनी घरापुढे पत्रे टाकून ती करून घेतली. आज या गावांत फिरताना मूळ घर ओळखायचे तर आधी पत्र्याची पडवी नजरेआड करावी लागते.

कमी हानीच्या गावांत वेगळी रीत अवलंबली गेली. १३ जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करायचे आणि त्यासाठी नुकसानीच्या प्रमाणात १७ हजार किंवा ३४ हजार रुपये हप्त्याहप्त्याने बँक खात्यात जमा व्हायचे. गावात पैसा नीट वापरला जातो का, हे पाहायला आणि लोकांना समजावून सांगायला महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. हे काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने उभे केले. भिंतीच्या कोपऱ्याला गज बांधला की नाही, सिमेंटच्या पिशव्या किती आल्या, हे विचारणाऱ्या बायका पुढे बचत गटांच्या वह्याही सांभाळू लागल्या. माझ्या मते प्रकल्पाचा टिकलेला भाग हाच.

बँकांचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. निजामी राजवटीत १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक निघाली. तिची स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यात जुनी माणसे आजही ‘एसबीएच’च म्हणतात. बँक ऑफ महाराष्ट्रने पुरस्कृत केलेली मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ पासून नांदेडहून चाले. ती २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, आणि १ मे २०२५ पासून ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणाने विदर्भ कोकण ग्रामीण बँकही त्याच छत्राखाली आली. शाखा जागेवर राहिल्या, निर्णयाचे टेबल लांब सरकले. तसेही या बँकांचा हात पीककर्जावर बसलेला होता, घरकर्ज हा त्यांचा पाहुणा.

धोरणाच्या पातळीवर मुख्य हत्यार म्हणजे अग्रक्रम क्षेत्राचा पतपुरवठा. वाणिज्य बँकांनी एकूण कर्जाच्या ४० टक्के शेती, लघुउद्योग, दुर्बल घटक, छोटी घरे इत्यादींना द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत, म्हणजे नांदेड आणि लातूर दोन्हीकडे, एप्रिल २०२५ पासून ३५ लाखांपर्यंतचे घरकर्ज यात धरले जाते. पण ४० टक्क्यांचा हिशेब बँकेच्या देशभरच्या कारभारावर होतो. लातूरच्या ठेवीतून लातुरात किती दिले, हे त्यात विचारले जात नाही. कमी पडले तर दुसऱ्या बँकेकडून प्रमाणपत्र विकत घेऊन किंवा नाबार्डच्या निधीत रक्कम भरून काम भागते. अमेरिकेत हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने आला. १९३० च्या दशकात तिथे सरकारी नकाशांवर काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि त्यांना घरकर्ज नाकारले गेले. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला भेदभाव बेकायदा ठरला आणि १९७७ च्या कायद्याने, ज्या भागातून ठेवी घेता तिथल्या गरिबांनाही कर्ज द्या, हे बँकांच्या तपासणीत आले. आपल्याकडे २०२१-२२ पासून पतपुरवठा कमी असलेल्या जिल्ह्यांतील अग्रक्रम कर्जाला जादा वजन देण्याची सोय झाली, ती त्याच दिशेची, पण फार सौम्य.

नांदेड-लातुरात कोणी नकाशावर लाल रेघ ओढलेली नाही. तशी गरजच पडत नाही. शहराच्या कडेला गवंडीकाम करणाऱ्या माणसाने शेतातला अर्धा गुंठा घेतलेला असतो. हाती असते मुद्रांकावरचे नोटरी केलेले करारपत्र. सात-बारा मूळ शेतकऱ्याच्या नावे, जमीन बिगरशेती झालेली नाही, तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदीखत नोंदवले गेलेले नाही. बँकेच्या काउंटरवर तो मिळकतीबद्दल बोलू लागतो आणि समोरून एन.ए., मंजूर नकाशा, तीस वर्षांचा शोध अहवाल यांची चिठ्ठी मिळते. उत्पन्नाचा प्रश्न त्यानंतर, बहुतेकदा येतच नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्याची मुदत पुढे २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. पण प्रशमन आणि विकास शुल्क आधी भरावे लागते, आणि तेवढी रक्कम हाती असती तर निम्मे घर झाले असते. जमीन इनामाची किंवा भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीवाचून विकता न येणारी) निघाली तर गाठ आणखी घट्ट. निजामी काळाची ही देणगी मराठवाड्यात जागोजागी आहे.

शहरातील सरकारी प्रयत्नांत नांदेडचा उल्लेख करावा लागतो. २००८ मधील शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहराचा जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात समावेश झाला. रस्ते आणि पुलांबरोबर झोपडी आहे त्याच जागी पक्के घर बांधून देण्याचा मार्ग येथे घेतला गेला. लोकांना शहराबाहेरच्या इमारतीत हलवण्यापेक्षा तो केव्हाही शहाणपणाचा होता, कारण हातगाडी आणि भांडीधुण्याची कामे जागेशी बांधलेली असतात. गोदावरीपलीकडच्या वसाहतींची नावे सिडको आणि हडको. वसाहत उभारणाऱ्या आणि कर्ज देणाऱ्या महामंडळांची नावे पत्त्यात येतात, हीही एक गंमत.

ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. हप्ता सुटतो तो जोत्याच्या, मग छताच्या फोटोवर. घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचा शासनाचा निर्णय आहे. मात्र ती घाटावरून दारापर्यंत आणायचे भाडे लाभार्थ्याचे. ज्याच्या नावे नमुना ८ ला जागाच नाही, त्याच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिची मदत ५० हजारांवरून एक लाख झाली, पण रस्त्यालगतच्या गावात तेवढ्यात ५०० चौ. फूट जागा कोण देतो?

अनुदान आणि घराची खरी किंमत यांतली फट बचत गट, भिशी, मायक्रोफायनान्सचे साप्ताहिक हप्ते आणि सावकार भरून काढतात. सावकार व्याजाचा कागद करत नाही, जागेचे खरेदीखतच लिहून घेतो. पैसे फिटले की परत करू, हे तोंडी. अशी बळकावलेली मिळकत परत मिळवून देण्याचा अधिकार २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने जिल्हा उपनिबंधकांना दिला आहे. व्यवहार विक्रीचा नसून सावकारीचा होता, हे तिथे दाखवावे लागते, आणि फेडलेल्या हप्त्यांची पावती सावकाराने कधी दिलेली नसते.